नऊ तासांचे विमान

ज्याच्या हातून आजवर एकही भिंत कललेली नाही, अशा गवंड्याला लोक ‘ओळंब्या’ म्हणत असत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेले ते जड वजन, जे भिंतीशेजारी निमूटपणे लोंबते आणि ती सरळ आहे की वाकडी याचा निवाडा करते. कामावरचे सोबती थट्टेने म्हणत की हा गृहस्थ जेवायला बसला तरी आधी ताट पाणसळीत, म्हणजे समपातळीत, आहे की नाही ते पाहतो. ओळंब्याला त्या थट्टेचा राग येत नसे. दोन टोकांना दोन विटा ठेवाव्यात, मध्ये दोरी ताणावी आणि दोरी सांगेल तसे बांधत जावे, एवढेच शास्त्र त्याला ठाऊक होते आणि त्या शास्त्राने त्याला कधीही दगा दिला नव्हता.

त्याची आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले. खिडकीपाशी तिचे शिवणयंत्र अजून उभे होते आणि त्याच्यावर एक फुलाफुलांचा अभ्रा पांघरलेला होता. रोग हाडांत शिरला होता. कूस बदलताना ती ओठ असे घट्ट मिटून घेई, की पाहणाऱ्याने आपणहून मान फिरवावी. रोज सकाळी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी ओळंब्याला अंगणात बोलावून स्पष्ट सांगितले, की आता साध्या गोळ्यांचा काळ सरला आहे. यापुढे इंजेक्शन द्यावे लागेल. वेदना थांबतील, परंतु त्यासोबत झोपही येईल, आणि त्या झोपेतून आई पुन्हा नीट जाग्या होतील अशी खात्री कोणीही देऊ शकणार नाही.

आईने आतून सगळे ऐकले होते. तिचे शरीर खंगले होते, कान नव्हेत. ती म्हणाली, “थोरला येईपर्यंत ती सुई माझ्या अंगाला लावायची नाही.”

यामागे एक जुनी गोष्ट होती. थोरला मुलगा वेल्डर. अनेक वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडच्या एका थंड देशात जहाजे दुरुस्त करण्याच्या कामावर निघून गेला. त्याने जाऊ नये अशी आईची इच्छा होती. तथापि जाणारच म्हटल्यावर तिने रात्री जागून त्याच्यासाठी जाड कापडाचा कोट शिवला. कोट शिवला, पण निरोप दिला नाही. तो उंबऱ्यात उभा राहून “येतो आई” म्हणाला, तेव्हा ती यंत्रावर बसून कोणाचा तरी पायजमा शिवत होती. तिने पाय थांबवला नाही, मानही वर केली नाही. कोट त्याच्या हाती दिला तो धाकट्याने, म्हणजे ओळंब्याने. पुढे फोनवर बोलणे होत राहिले, पैसापाणी, पाऊसपाणी सगळे विचारले गेले, परंतु त्या दिवसाविषयी दोघांपैकी एकानेही कधी तोंड उघडले नाही.

“गेला तेव्हा मी तोंड फिरवलं,” ती ओळंब्याला म्हणाली. “येईल तेव्हा माझे डोळे उघडे पाहिजेत. एवढं एकच काम उरलंय माझं.”

त्याच सकाळी थोरल्याचा फोन आला. आवाज तुटत होता. तो एवढेच म्हणाला, की मी निघालो रे, तिला सांग. फोन बंद झाला.

आता दुःखात माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि ज्याला जे येते ते तो करतो. ओळंब्याने बायकोचा मोबाइल घेतला. त्यात अशी एक सोय होती, की दोन विमानतळांची नावे घातली असता त्यांच्यामधले अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणार्धात समोर येई. त्याने बायकोकडून दोन्ही नावे घालून घेतली. तिकडच्या विमानतळापासून इकडच्या विमानतळापर्यंत आकाशमार्गे नऊ तास. खाली एक निळी रेघही काढलेली होती. ताणलेल्या दोरीसारखी रेघ! ती पाहताच ओळंब्याच्या मनाची पक्की खात्री पटली. त्याच्या दृष्टीने हा हिशोब नव्हता, हे साक्षात त्याचे स्वतःचे शास्त्र होते.

बायकोने शंका काढून पाहिली. तिची एक मैत्रीण असाच प्रवास करून आली होती, आणि तिला पुष्कळ वेळ लागला होता म्हणे. परंतु ओळंब्याने ते हसण्यावारी नेले. रस्त्याला वळणे असतात, कारण मध्ये कोणाचे शेत येते, कोणाचे घर येते. “अगं, आभाळात कुणी घर बांधलंय आडवं यायला?” तो म्हणाला. बायको म्हणाली, “बांधलं असतं तर तुम्हीच बांधलं असतं,” आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

त्याच्याकडे जगाचा एक नकाशा होता. एका शाळेच्या भिंतींना गिलावा केला, तेव्हा तिथल्या अडगळीतून तो त्याला मिळाला होता. कडा फाटल्या होत्या, पण देश जागच्या जागी होते. तो नकाशा त्याने आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. थोरल्याच्या गावी एक खिळा मारला, आपल्या गावी दुसरा, आणि मध्ये आपली कामावरची दोरी अशी ताणून बांधली, की बोटाने छेडली असता ती वाजावी. मग त्याला विमान हवे होते. आईने नजरेनेच यंत्राच्या खणाकडे खूण केली. खणात पत्र्याचा एक डबा होता, त्यात जन्मभराची बटणे.

“ते मोठं काळं घे,” ती म्हणाली. “त्याच्या कोटाचं उरलंय.”

ओळंब्याने ते बटण दोरीत ओवले आणि थोरल्याच्या खिळ्यापाशी ठेवले. आईने विचारले, किती वेळ? त्याने सांगितले, नऊ तास. दिवेलागणीला थोरला या दारात उभा असेल. असे सांगताना त्याचा स्वर भिंत पुरी करून मालकाला दाखवणाऱ्या कारागिराचा होता.

“मग दिवेलागणीपर्यंत सोसते,” आई म्हणाली. “तेवढं काही जड नाही.”

डॉक्टरीणबाई जाताना पुन्हा एकदा विचारून गेल्या. आईने बोट उचलून दोरी दाखवली.

तो दिवस त्या घरात कसा गेला हे सांगणे कठीण आहे. उन्हाची तिरीप जमिनीवरून पलंगाच्या पायाकडे सरकत होती, आणि थोड्याथोड्या वेळाने ओळंब्या उठून काळे बटण बोटभर पुढे सरकवत होता. आईचे डोळे बटणावर खिळलेले असत. कळ आली की ती चादरीची कड मुठीत धरी. कळ ओसरली की विचारी, “आता कुठं आलाय?” तो सांगे, डोंगर ओलांडले. मग सांगे, समुद्र लागला. एकदा तर ती हसलीही. म्हणाली, हा थोरला लहानपणी पाणी बघितलं की रडायचा, आता बघा कसा मजेत बसलाय वरती. परंतु त्या हसण्याच्या शेवटी तिच्या घशातून असा एक आवाज निघाला, की स्वयंपाकघरात बायकोच्या हातून भांडे निसटले.

बायको दाराशी येऊन उभी राहिली. तिने नवऱ्याला खुणेने बाहेर बोलावले आणि हलक्या आवाजात सांगितले, की मला हे पाहवत नाही. सोसण्याला काही सीमा असते. तो म्हणाला, निम्मा समुद्र सरला आहे, आता थोडेच राहिले आहे. बायकोने नकाशाकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि ती ओले फडके घेऊन आत गेली.

बटण समुद्राच्या ऐन मध्यावर असताना फोन वाजला. थोरला बोलत होता. ओळंब्याला प्रथम आश्चर्य वाटले, की विमानात बसलेला माणूस फोन कसा करतो. तो फोन घेऊन अंगणात गेला.

थोरल्याने सांगितले की तो एका मोठ्या शहराच्या विमानतळावर बाकड्यावर बसला आहे. सकाळी ‘निघालो’ म्हणाला, तेव्हा तो फक्त घरून निघाला होता. त्याच्या गावाहून लहानसे विमान मिळाले, ते या शहरात उतरले. इथून पुढचे विमान संध्याकाळी, ते तिसऱ्याच एका देशात उतरणार, तिथे पुन्हा थांबायचे, मग शेवटचे विमान, आणि त्यानंतर मोटारीचा रस्ता. उद्या दिवस मावळता मावळता पोहोचेन, तेही सगळे सुरळीत झाले तर.

ओळंब्याने शहराचे नाव पुन्हा विचारले. ते शहर त्याने नकाशावर पाहिलेले होते. ते थोरल्याच्या गावाच्या अलीकडे नव्हते. पलीकडे होते. म्हणजे दिवसभर बटण घराकडे येत होते, आणि भाऊ घरापासून आणखी दूर गेला होता.

त्याच्या मस्तकात तिडीक उठली. नको ते शब्द तोंडून गेले. आई इथे घटका मोजतेय आणि तू उलट्या दिशेला फिरायला गेलायस? तुला यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं. नऊ तासांचा रस्ता आहे, मी स्वतः पाहिलाय.

 मग थोरला म्हणाला, “धाकट्या, दोन गावांमधलं अंतर नऊ तासांचं असेल. पण ते विमान नाहीये रे. तू ज्या विमानाचं म्हणतोयस, ते विमान कुठूनच निघत नाही.”

ओळंब्या अंगणाच्या पायरीवर बसला. शेजारीच त्याचे सामान पडले होते, थापी, घमेले, गुण्या, आणि तो ओळंबा. अंतर खरे होते. रेघ खरी होती. वेळही खोटा नव्हता. केवळ त्या रेघेवरून जाणारे कोणी नव्हते. दोन विटांमध्ये दोरी ताणली म्हणजे भिंत उभी राहत नाही, हे कालच्या नवख्या मजुरालाही कळते, आणि तेच त्याला कळले नव्हते. आणि त्या त्याच्या दोरीच्या भरवशावर आत एक बाई सकाळपासून दातओठ आवळून जागी होती.

बायकोला त्याने सगळे सांगितले. तिने त्याला एका शब्दानेही टोचले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले. ती म्हणाली, आईंना कळू न देता डॉक्टरीणबाईंना बोलावू. झोप लागेल, त्रास संपेल. क्षणभर त्यालाही ते पटले. आत जाऊन बटण आणखी बोटभर सरकवायचे, एवढेच तर करायचे होते. ज्याने जन्मात कललेली भिंत बांधली नाही त्याने एक कललेला शब्द बोलायचा.

तो आत गेला. आईने विचारले, “कुठं आलाय?”

ओळंब्याचा हात बटणापर्यंत गेला. तिथे तो थांबला. मग त्याने ते बटण धरून मागे नेले, सगळा समुद्र, सगळे डोंगर ओलांडून पहिल्या खिळ्यापर्यंत, आणि तिथेही न थांबता त्याने दोरीच सोडवली. आई बघत राहिली.

“आई, माझं चुकलं,” तो म्हणाला. “तो अजून समुद्रावर आलाच नाही. तो आधी तिकडे, लांब गेलाय. उद्या दिवस मावळताना येईल. मी सांगितलं ते विमान नव्हतंच.”

 तिचे डोळे मिटले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक थेंब कानाकडे ओघळला. त्याने मोबाइलची, नऊ तासांची, निळ्या रेघेची सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्याची मान खाली होती.

“म्हणजे भिंत बांधलीस आणि दार ठेवायचं विसरलास,” ती अखेरीस म्हणाली.

“हो.”

“मला सकाळपासून उगीच जागं ठेवलंस.”

“हो.”

ती दम घ्यायला थांबली. कळ आली आणि गेली. “आता बरोबर लाव,” ती म्हणाली. “कुठून कुठून येतोय ते मला दाखव.”

त्याने नवे खिळे मारले. पलीकडचे मोठे शहर, तिसरा देश, मग आपला विमानतळ, मग घर. दोरी घेऊन तो मोजू लागला, पण ती अर्ध्या वाटेतच संपली. सरळ अंतरापुरतीच त्याने ती कापलेली होती.

“तुझी दोरी नाही पुरायची,” आई म्हणाली. “माझा दोरा घे.”

यंत्रावरच्या रिळाचा पांढरा दोरा त्याने खिळ्याखिळ्याला वेढा देत नेला. आधी मागे, मग वाकडा वर, मग खाली. बटण त्याने मोठ्या शहरावर लटकवले. आई पुष्कळ वेळ त्या वाकड्यातिकड्या मार्गाकडे पाहत होती.

“उलटी टीप आहे ही,” ती म्हणाली. “धावदोरा सरळ जातो, पण ओढला की सगळाच निघून येतो. उलट्या टिपेत सुई आधी मागं न्यावी लागते. मला हे माहीत असायला पाहिजे होतं.” मग जरा वेळाने म्हणाली, “उद्यापर्यंत नाही रे व्हायचं माझ्याच्यानं.”

ओळंब्याने मान हलवली. त्यानेही तेच ओळखले होते.

तिने थोरल्याला फोन लावायला सांगितला. तो अजून त्या बाकड्यावरच होता. ओळंब्याने फोन तिच्या कानाशी धरला. थोरला काही बोलू लागला, कदाचित क्षमा मागू लागला असेल, पण तिने त्याला थांबवले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापे घेणारी ती बाई शब्दही मोजूनच वापरत असे.

“ऐक. तू निघालास त्या दिवशी मी उठले नाही. उठायला पाहिजे होतं. पायजमा काही पळून चालला नव्हता.”

तिने फोन आणखी जवळ धरायची खूण केली.

“मी आता झोपणार आहे. आलास की मला हाक मार. उठले तर उठले. नाही उठले तर तू रागावून यंत्रावर बसू नकोस. माझ्याजवळ बस.”

थोरल्याने “हो” म्हटले असावे. तिने फोन बाजूला घ्यायला सांगितला, आणि बायकोला म्हणाली, बोलाव आता त्या डॉक्टरीणबाईला.

दिवे लागायच्या सुमाराला इंजेक्शन दिले गेले. थोड्याच वेळात तिची चादरीवरची मूठ सैल पडली. सकाळपासून प्रथमच तिच्या कपाळावरची आठी गेली, आणि ओळंब्याला दिसले की आई चेहऱ्याने अगदी थोरल्यासारखी आहे. हे त्याच्या आजवर कधी ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर त्याने आपल्या मनाने बटण हलवले नाही. थोरल्याचा निरोप आला, विमानात बसतोय, तेव्हा त्याने ते एका खिळ्यापासून जरासे पुढे घेतले. उतरलो, म्हणून निरोप आला, तेव्हा तिसऱ्या देशाच्या खिळ्यावर नेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी शेवटचा निरोप आला, की आता हे शेवटचे विमान. ओळंब्याने बटण खिळ्यावरून काढून पुढच्या दोऱ्यावर आणले. पुढे किती न्यावे हे त्याला कळेना, कारण वर असलेल्या माणसाची खबर खाली कशी यावी? म्हणून त्याने ते अंदाजाने मध्यावर ठेवले आणि तो आईजवळ येऊन बसला.

दुपार कलताना तिचा श्वास लांब लांब पडू लागला. बायको दुसऱ्या बाजूला बसली होती, तिने सासूचा हात हातात घेतला. ओळंब्या म्हणाला, आई, तो शेवटच्या विमानात आहे, आता फिरून नाही, आता सरळ येतोय. ते तिला ऐकू गेले की नाही हे कोणीही सांगू शकणार नाही. त्यानंतर एक श्वास झाला. त्याच्या पुढचा झाला नाही.

मोबाइल बंद असलेल्या माणसाला बातमी कळवता येत नाही. जगातील एका माणसासाठी, तो ढगांवर होता तेवढा वेळ, आई जिवंतच होती. ओळंब्याने तो विचार मनात धरून ठेवला, आणि अंगणातून येणाऱ्याजाणाऱ्यांना हळू बोलायला सांगितले.

थोरला आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते. तोच कोट अंगात, बाह्यांचे कापड झिजून चकाकत होते. विमानतळावर उतरून मोबाइल सुरू करताच त्याला कळले होते, त्यामुळे दारात कोणाला काही सांगावे लागले नाही. भावाभावांनी एकमेकांकडे पाहिले, आणि आदल्या दिवशीचे ते फोनवरचे शब्द दोघांनीही तिथेच राहू दिले. तो आत गेला. त्याने आत पाऊल टाकताच, अगदी हळू, “आई” अशी हाक मारली, कारण तसे त्याने कबूल केले होते. मग तो यंत्रासमोरच्या स्टुलाला वळसा घालून पलंगापाशी आला आणि जमिनीवर, तिच्याजवळ बसला.

पुष्कळ वेळाने त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिळे, दोरा, आणि आपल्या कोटाचे बटण. ओळंब्याने त्याला सगळे समजावून सांगितले.

“ती गेली तेव्हा मी कुठं होतो?” थोरल्याने विचारले.

ओळंब्याने बटण दाखवले. “इथं असशील. अंदाजच आहे.”

थोरला उठून जवळ गेला. बटणाखाली नकाशावर काहीच लिहिलेले नव्हते, नुसता फिकट निळा रंग होता.

“खिडकीतून काही दिसत होतं का?” ओळंब्याने विचारले.

“मला नाही माहीत,” थोरला म्हणाला. “मला झोप लागली होती. दोन दिवसांत तेवढीच लागली.”

ओळंब्याने मान हलवली. त्या घटकेला आई आणि थोरला दोघेही झोपेत होते, हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याला त्याचे वाईट वाटले नाही.

थोरल्याने बटण बोटात धरले आणि उरलेल्या दोऱ्यावरून हळूहळू पुढे नेत घराच्या खिळ्याला टेकवले. हात काढताच दोरा मध्ये थोडा लोंबला. ओळंब्याचा हात सवयीने तो ताणायला पुढे झाला. पण त्याने तो मागे घेतला, आणि दोरा होता तसाच राहू दिला.